एक भिंत राखून ठेवा
(फुटबॉल खेळायला येणाऱ्या मिशनच्या पाहुण्यांसाठी नवशिक्या यजमानांची लातुरी मार्गदर्शिका)

परदेशातल्या एखाद्या चर्चचा, सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींचा फुटबॉल संघ ‘मिशन ट्रिप’वर लातूरला येणार आहे आणि त्यांची व्यवस्था तुमच्या मंडळीनं पत्करली आहे, असं धरून ही मार्गदर्शिका लिहिली आहे. ती तुमच्याच गळ्यात का पडली याचा विचार करत बसू नका. रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी ई-मेल वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही स्कूटर सावलीत लावायला बाहेर गेला होतात. परत येईपर्यंत समिती नेमून झाली होती आणि तुम्ही सेक्रेटरी होतात. अध्यक्ष नेहमीचेच. खजिनदारपद कुणी घेतलं नाही, म्हणजे तेही तुमच्याकडेच आहे.

आता तो ई-मेल नीट वाचा. त्यात तीन गोष्टी असतील: आम्ही पंचवीस जण आहोत, आम्हाला फुटबॉलमधून देवाचं प्रेम पोचवायचं आहे, आणि आम्हाला तुमच्या उपयोगी पडायचं आहे. पहिल्या गोष्टीची सोय गाद्यांनी होते, दुसरीची चौकशी पोलीस करतात. खरी कठीण ती तिसरी. या पोरांनी गाड्या धुऊन, केक विकून, आजी-आजोबांपुढे हात पसरून पैसे जमवलेले असतात. एवढं करून ती लातूरला आली आणि इथं सगळं बरं चाललंय असं दिसलं, तर परत जाऊन चर्चमध्ये सांगणार काय? उपयोगी पडायला आलेल्या माणसाला रिकामं परत पाठवणं यासारखा पाहुणचारात दुसरा अपराध नाही. म्हणून यजमानानं आधी गरज तयार ठेवावी, मग जेवण.

भिंत

एक भिंत राखून ठेवा. वसतिगृहाची, संडेस्कूलच्या खोलीची, दफनभूमीच्या कंपाउंडची, कुठलीही चालेल. पण रंग उडालेली, रस्त्यावरून दिसणारी आणि पोरांचा हात पोचेल एवढ्या उंचीची. दिवाळीच्या आसपास एखादा उत्साही सभासद म्हणेल, ‘पाहुण्यांची वाट कशाला बघायची, आपणच मारू की रंग!’ त्याला तिथंच आवरा. पाहुणे येतील त्या दिवशी ती भिंत शक्य तितकी दीन दिसली पाहिजे.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असं समजून लाजू नका. मेक्सिकोतलं एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी सहा वेळा रंगवल्याची गोष्ट ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं २००८ मध्ये छापली होती. तिथल्या यजमानांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी, पण आपण त्या थराला जाऊ नये. वर्षाला एक गट, एक हात, पुरे. रंगाचे पैसे पाहुणे देतील. शिडी, ब्रश, पुट्टी, पॉलिश पेपर ही खरेदी तुम्ही करा, नाहीतर ते दुकानात जाऊन एमआरपी देऊन येतील आणि पुढच्या वर्षी दुकानदार तुम्हालाही तोच भाव लावेल.

नेहमीच्या पेंटरला विसरू नका. त्याचं आठवड्याचं काम पंचवीस पोरं फुकटात करणार आहेत आणि तो चहाच्या गाड्यावर बसून ते बघणार आहे. त्याला रोजावर बोलवा, मुकादम म्हणा, ब्रश कसा धरायचा ते शिकवायला सांगा. पाहुण्यांना वाटतं स्थानिक कारागिराबरोबर काम केलं, त्याला वाटतं पहिल्यांदाच बसून पैसे मिळाले. पाहुणे गेले की त्याला आणखी दोन दिवस बोलवून दुसरा हात मारून घ्या आणि फरशीवरचे थेंब खरवडून घ्या. या दोन दिवसांची मजुरी हिशेबात ‘किरकोळ’ या सदराखाली दाखवतात.

कागदपत्रं

पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला धर्मप्रचार करता येत नाही. मिशनरी व्हिसा वेगळा असतो. तेव्हा कोण कोणत्या व्हिसावर येतंय हे विमानाची तिकिटं काढण्याआधी लेखी विचारा आणि शंका असेल तर त्यांनाच त्यांच्या देशातल्या भारतीय वकिलातीत विचारायला लावा. पर्यटक म्हणून आलेल्या पोरानं चर्चमध्ये बसून प्रार्थना करावी, फुटबॉल खेळावा, भाकरी थापून बघावी. गंजगोलाईच्या बाजारात उभं राहून पत्रकं वाटू नयेत. त्याच्या बॅगेत ती पत्रकं असतीलच. ‘तुमच्या खोलीतच राहू द्या’ असं हसून सांगा आणि न हसता बघा.

परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत यजमानानं त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची असते. लॉजला लागू आणि आपल्या घराला नाही, असं नाही. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. पंचवीस पासपोर्ट, पंचवीस व्हिसा, पंचवीस फोटो. आणि तुमच्या मंडळीच्या ऑफिसमधलं इंटरनेट. ज्या तरुणाला तुम्ही ‘सारखा मोबाइलमध्ये’ म्हणून बोलत होतात, त्याच्याशी आजच गोड बोलायला सुरुवात करा.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले एक गृहस्थ येतील. ते जिल्हा विशेष शाखेचे असतात. सहज इकडून चाललो होतो, म्हणतील. त्यांना चहा द्या, कार्यक्रमपत्रिका द्या, यादी द्या आणि सामन्याला यायचा आग्रह करा. येणार तर ते आहेतच. आग्रह केल्यानं खुर्ची द्यायची सोय होते. एखाद्याला फुटबॉलची आवड निघाली तर लाइनमनचं निशाण हातात द्यायलाही हरकत नाही. मैदानावर सर्वांत लक्षपूर्वक बघणारा माणूस तोच असतो.

पैशांबद्दल एकच सांगतो. पाहुणे भारावले की निघताना पाकीट देऊ करतात. परदेशी देणगीचा कायदा २०१० चा आहे. तुमच्या संस्थेची त्याखाली नोंदणी नसेल तर ते पाकीट घेऊ नका. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उतरतो आणि मग पुढे येतो. म्हणजे लातुरातल्या गोलपोस्टसाठी दिलेला डॉलर संसद मार्ग बघून येतो. पाहुण्यांना हे सांगून बघा. त्यांना तुम्ही चेष्टा करताय असं वाटेल.

तारीख

त्यांना सुट्टी जून-जुलैत असते. त्या दिवसांत आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर चेंडू टाकला तर तो जिथं पडतो तिथंच राहतो. एप्रिल-मे म्हटलं तर उन्हानं पाहुणे राहत नाहीत. फेब्रुवारी-मार्च परीक्षा. म्हणजे उरला नाताळ, आणि तोच बरा. चर्चला रोषणाई असते, थंडी असते, हुरडा असतो. मात्र पंचांग बघितल्याशिवाय ‘यस’ कळवू नका. डिसेंबर-जानेवारीत कधीतरी येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, येते. २०२३ ची येळवस ११ जानेवारी २०२४ ला आली, २०२४ ची ३० डिसेंबरला, २०२५ ची १९ डिसेंबरला. त्या दिवशी सामना ठेवलात तर मैदानावर फक्त पाहुणे असतील. अख्खं लातूर शेतात असतं. रेफ्री शेतात, फक्की मारणारा शेतात, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर शेतात, तुमचे अध्यक्षही शेतात.

त्यापेक्षा पाहुण्यांनाच शेतात न्या. ज्याच्या शेताचं आमंत्रण असेल तिथं न्या. येळवसला आमंत्रणाचा तुटवडा नसतो, पोटाचा असतो. कडब्याच्या खोपीत मांडलेले पांडव, त्यांची पूजा, हे सगळं त्यांना लांबून बघू द्या, विचारलं तर सरळ सांगा. पाहुण्यांचा जो मोठा पुढारी असेल तो थोडा अवघडेल. त्याच्या हातात आंबिलीचा तांब्या द्या. भज्जी, उंडे, आंबील, शेंगदाण्याची पोळी आणि वर बाभळीची सावली. धर्मशास्त्राचा प्रश्न साधारण तिसऱ्या वाढपाला मागे पडतो. पोरांचा तर उद्भवतच नाही, ती झाडावर असतात.

तारखेची दुसरी अडचण म्हणजे विरुद्ध बाजूचा संघ. पाहुण्यांना वाटतं, छोट्या शहरातली मुलं संध्याकाळी रिकामी असतील. हे लातूर आहे. इथं अकरावी-बारावीतलं पोर सकाळी उजाडायच्या आत फिजिक्सच्या बॅचला जातं आणि रात्री मेसचा डबा घेऊन रूमवर येतं. नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीहून आलेली हजारो पोरं इथं त्यासाठीच राहतात. ‘लातूर पॅटर्न’मध्ये डॉक्टर होण्याची सोय आहे, राइट विंगरची नाही. तेव्हा संघ आठवी-नववीतून निवडा. एखादा बारावीचा चांगला गोलकीपर मिळालाच, तर त्याच्या वडिलांना सामना किती मिनिटांचा असतो ते आधी सांगा आणि मध्यंतराला त्याला एमसीक्यू सोडवू द्या.

उतरण्याची सोय

हैदराबादच्या विमानतळावरून जहीराबाद-बिदर करत गाडीनं आणणं सोपं. मुंबईला उतरले तर रात्रीची एक्स्प्रेस आहे, पण पंचवीस बर्थ एकदम मिळतील या भ्रमात राहू नका. २०१७ मध्ये ही गाडी बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. त्या गाडीतल्या जागेबद्दल आम्ही हळवे आहोत. परदेशी पाहुणा असला तरी खिडकी सोडणार नाही.

गाद्या, चादरी, मोठी पातेली बिछायत केंद्रातून घ्या आणि नगांची यादी सही करून ठेवा. यादीचं महत्त्व शेवटी कळतं.

आता पाणी. नळ रोज येईल अशी अपेक्षा लातूरकर ठेवत नाही. पाहुण्याला मात्र शॉवरखाली उभं राहून विचार करायची सवय असते. त्यांच्या पहिल्या संध्याकाळी, जेवणाआधी, २०१६ ची गोष्ट सांगा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक पाण्याची गाडी बघायला आले होते. ही गोष्ट सांगून झाली की प्रत्येकाच्या हातात एक बादली आणि एक मग द्या. काही बोलावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी अर्ध्या बादलीत केस धुऊन येईल आणि ते सगळ्यांना सांगत सुटेल. तिला शाबासकी द्या आणि आपल्याकडच्या बायका एवढ्याच पाण्यात केसांबरोबर दोन ब्लाऊजही धुतात, हे तिला सांगू नका.

प्यायला जार. फक्त जार. दात घासायलाही जारच, हे पहिल्या दिवशी तीनदा सांगा.

ताट

पंचवीस पाहुण्यांना एकत्र जेवू घालणं सोपं. अवघड आहे ते मंडळीतल्या प्रत्येक घराला ‘आमच्याकडे का नाही’ याचं उत्तर देणं. त्यामुळे शेवटी एका दुपारी त्यांना तीन घरी जेवावं लागतं. पहिल्या घरी पोटभर जेवू नका, हे त्यांना आधी सांगितलेलं असलं तरी उपयोग नाही, कारण पोटभर म्हणजे किती हे इथं पाहुणा ठरवत नाही. ‘बस’ म्हणून ताटावर आडवा धरलेला हात हा वाढणारीसाठी अडथळा नसून आव्हान असतो. काकूंना सांगा, ही पोरं लहान आहेत, परकी आहेत. काकू म्हणतील, ‘म्हणूनच तर!’

सकाळी सुशीला द्या. चुरमुऱ्यांचा आहे, हलका आहे, तिखट आपल्या हातात आहे आणि खेळणाऱ्याला जड पडत नाही. धपाटे-दही उत्तम. येसराची आमटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, थोडी पातळ करून. ठेचा ताटात वाढायचा नाही. बाजूला वाटीत ठेवायचा आणि त्याच्याकडे बघायचंही नाही. कुणीतरी पैजेवर खाणारच. तो बहुधा संघाचा गोलकीपर असतो, आणि त्या संध्याकाळी आपला संघ जिंकतो. यात आपला काही हात नाही.

चहावरून आठवलं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी कोण कोण हजर होतं त्यांची नावं छापून टाकली, आणि टिळक-रानड्यांसकट सगळे ग्रामण्यात, म्हणजे जातीच्या बहिष्काराच्या प्रकरणात, सापडले. प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा मिशनच्या चहानं पाहुणे अडचणीत यायचे. आता मिशनचे पाहुणे आपल्या चहानं येतात. तीन चमचे साखर, उकळून काळा झालेला, दिवसातून सात वेळा, प्रत्येक घरी, आणि नाही म्हणायची सोय नाही.

सत्कार

सामना नव्वद मिनिटांचा असेल तर सत्काराला दोन तास धरा. स्वागत समितीला फुटबॉलमध्ये रस नसतो; तिला व्यासपीठ हवं असतं. फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढे; वर कोण ते तुम्हाला ठाऊक आहेच. ज्यांचा फोटो राहून गेला ते सामन्याच्या दिवशी सकाळी फोन करतात. म्हणून फ्लेक्स आदल्या रात्री उशिरा लावा.

शाल, श्रीफळ, फेटा. पंचवीस फेटे बांधायला दोन माणसं लागतात, आणि फेटा बांधलेली पोरं मग तो काढत नाहीत. वॉर्म-अपसुद्धा फेट्यात होतो. नारळाचं आधी ठरवा. मैदानाच्या कडेला नारळ फोडून उद्घाटन करायची आपली रीत. पाहुण्यांच्या पुढाऱ्याला ती पूजा वाटून तो मागं सरकेल आणि नगरसेवकांना तो आपला अपमान वाटेल. फीत कापून घ्या. कात्री बरोबर न्या, आपल्याकडे फीत असते पण कात्री नसते. आणि प्रमुख पाहुण्यांनी पहिली किक मारायची असेल तर त्यांना चप्पल घट्ट करायला सांगा. चेंडूच्या पुढं चप्पल जाते तो फोटो सगळीकडे फिरतो.

सामन्याआधी पाहुणे मैदानाच्या मध्यभागी गोल करून गुडघे टेकतील, डोळे मिटतील. आपली पोरं ते पाहून गप्प होतील आणि मग त्यांना वाटेल आपणही काहीतरी केलं पाहिजे. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ होईल. त्यावर पाहुण्यांची पोरंही हात वर करून ‘जय’ म्हणतील. हे आपोआप होतं, आयोजकांनी मध्ये पडू नये.

मैदान

हा भाग सविस्तर आहे, कारण पाहुणे इथंच पडतात.

लातूर कुस्तीचा मुलूख. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार याच जिल्ह्यातले. इथल्या माणसाला मातीत कुणी कुणाला चीत केलं ते समजतं. ऑफसाइड समजत नाही. गर्दीला कॉमेंट्री लागेल. माइकवर असा माणूस बसवा ज्याला फुटबॉल फार येत नाही पण बोलता येतं. उलटं केलंत तर लोक उठून जातील.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथं तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ आहेत: पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पेठांची इरेसरी चालते, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. पाहुण्यांना ‘महाराष्ट्रातला फुटबॉल’ दाखवायची हौस असेल तर तिकडे न्या, पण सामना ठरवू नका. ज्यांना वाचवायला ती पोरं आली आहेत, त्यांच्याच हातून ती वाचायची नाहीत.

लातुरात फुटबॉल अजिबातच नाही असंही नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला, त्या विश्वचषकाच्या तोंडावर, सरकारनं एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं. त्यासाठी शाळांना चेंडू मिळाले. त्या उपक्रमाच्या नावातही ‘मिशन’ होतंच, फक्त त्याला व्हिसा लागत नव्हता. ते चेंडू आता कुठं आहेत असं विचाराल, तर बहुतेक जडसंग्रह नोंदवहीत. सरकारी वस्तू खेळून फाटली तर ती नोंदवहीतून काढायला निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. त्यापेक्षा ती कपाटात अखंड राहिलेली मुख्याध्यापकांना परवडते. चेंडूला हवा भरायची सुई तर कुणाकडेच नसते. पाहुण्यांनी ‘काय आणू’ विचारलं तर जर्सी सांगू नका, बूट सांगू नका. पंपाच्या सुया सांगा. शंभर.

मैदान फक्की मारून आखून घ्या आणि आदल्या दिवशी सराटे वेचून घ्या. सराटा बुटाच्या तळव्याला काही करत नाही, चेंडूचा मात्र प्राण घेतो. परदेशी चेंडू महागाचा असतो आणि सराट्याला ते समजत नाही. पंक्चरवाल्याला मैदानाच्या कडेलाच बसवा. पाहुण्यांचे दात असलेले बूट हिरवळीसाठी बनवलेले असतात. आपल्या टणक, भेगाळलेल्या जमिनीवर त्यांना धड उभं राहता येत नाही. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचे चार जण घसरतील. आपली पोरं अनवाणी. पाहुणे बाजूला उभं राहून डोळ्यांत पाणी आणतील, एकजण स्वतःचे बूट काढून आपल्या लेफ्ट बॅकला देईल, आणि त्याचा फोटो निघेल. तो लेफ्ट बॅक मार्केट यार्डातल्या आडत्याचा मुलगा आहे. त्याचे बूट गाडीत आहेत, गाडी ड्रायव्हरसकट बाहेर उभी आहे, आणि त्याला अनवाणीच चेंडू नीट लागतो म्हणून त्यानं ते काढले आहेत. बूट तो घेईल. आईनं नाही म्हणायला शिकवलेलं नाही. पाहुण्यांना हे समजावून सांगावं का? मला वाटतं, सांगावं. पण रात्री, जेवण झाल्यावर, आणि त्या आडत्याच्याच घरी.

चेंडूवरून धर्म अडल्याची गोष्ट हवी असेल तर ती श्रीनगरची आहे. १८९१ मध्ये टिंडेल-बिस्को नावाचे मिशनरी हेडमास्तर तिथल्या शाळेत फुटबॉल घेऊन गेले. मुलं पंडितांच्या घरची. चामड्याला शिवायला तयार होईनात. साहेबांनी शिक्षकांना काठ्या देऊन उभं केलं आणि खेळ सुरू करवला. एका मुलाच्या तोंडाला चेंडू लागला, तो बाटलो म्हणून रडू लागला. त्याला पाण्यावर नेऊन धुऊन आणलं आणि खेळ पुढं चालू. त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली. आज आपली पोरं ‘झुंड’ बघून फुटबॉलकडे येतात. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन विजय बारसे यांनी जे उभं केलं, त्यावरचा तो सिनेमा. काठी घेऊन उभं राहावं लागत नाही. उलट मैदानाच्या आत घुसलेल्यांना बाहेर काढायला लागते.

मुलींचं मात्र मनावर घ्या. पाहुण्यांच्या संघात मुली असतील आणि त्या मुलांबरोबर खेळतील. दोरीपलीकडे आपल्या मुली खो-खोच्या गणवेशात उभ्या असतील, कारण शाळेनं त्यांना लेझीमसाठी आणलंय. मध्यंतरात पाहुण्यांपैकी एखादी त्यांना आत बोलावेल. त्या वेळी पी.टी.च्या सरांकडे बघू नका, मुख्याध्यापकांकडे बघू नका, घड्याळाकडे बघा. सूर्य मावळायला अजून वेळ आहे आणि पालकांना ‘सहापर्यंत’ सांगितलंय. दुसरा डाव वीस मिनिटं उशिरा सुरू झाला तर काही बिघडत नाही. खो-खो खेळणारी मुलगी पाठलाग चुकवायला जन्मापासून शिकलेली असते; चेंडू पायात आला की ती कुणाला सापडत नाही. पाहुणे परत गेल्यावर जे काही टिकायचं असेल ते इथं टिकेल, भिंतीवर नाही, असं माझं मत आहे. समितीचं तसं नाही.

स्कोअर कुणी लिहू नये. लिहिलाच तर दुसऱ्या दिवशी टेनिस बॉलचा क्रिकेट सामना ठेवा आणि तोही लिहा.

भक्ती

संध्याकाळी पाहुणे गिटार घेऊन तीन गाणी म्हणतात. मग आपली मंडळी पेटी, ढोलकी आणि टाळ काढतात. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली पानं उलटू लागतात, नारायण वामन टिळकांची पदं लागतात, आणि ज्या म्हाताऱ्या दिवसभर गुडघे दुखतात म्हणत होत्या त्या उभ्या राहतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही, त्याचे हे परिणाम. पाहुण्यांच्या पत्रिकेत या कार्यक्रमाला पंचेचाळीस मिनिटं दिलेली असतात. गिटारवाला पोरगा साधारण नवाच्या सुमाराला ठेका धरतो आणि दहाला टाळ मागतो. अकरा वाजता शेजारी तक्रार करायला येतात ते बसतात. सकाळचा कार्यक्रम अकरानंतर ठेवा.

एक गोष्ट गंभीरपणे. किल्लारी बघायची, असं पाहुणे म्हणतील. त्यांच्या पुढाऱ्यानं तिथल्या भूकंपाबद्दल वाचलेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न, आदल्या रात्री गणपती विसर्जन, जवळपास दहा हजार माणसं गेली, ५२ गावं दुसरीकडे वसवावी लागली. नेणार असाल तर स्मारकापाशी न्या, कॅमेरे गाडीत ठेवायला सांगा आणि भिंतीबद्दल काही बोलू नका. तिथल्या वयस्कर माणसांनी त्या वर्षी सगळ्या देशांचे, सगळ्या धर्मांचे मदतनीस जवळून पाहिलेत; कोण किती दिवस राहिलं आणि कोण फोटोपुरतं आलं, हे त्यांना नावानिशी आठवतं. ते चहा देतील आणि विचारतील, किती दिवस आहात. पोरांनी खरं उत्तर द्यावं.

निरोप

निघायच्या दिवशी सगळे रडतात. हे धरून चला आणि गाडी एक तास आधीची सांगा. काकू प्रत्येकाच्या बॅगेत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कोंबतील. चटणीची पिशवी दुहेरी बांधा. आपल्या पोरांना जर्सी मिळतील, पाठीवर त्यांच्या चर्चचं नाव आणि बायबलचं वचन असलेल्या, सगळ्या मोठ्या मापाच्या. तालुका क्रीडा स्पर्धेत त्या घालू देणार नाहीत. शिंप्याकडून बारीक करून घ्या, पाठीवर कापडी पट्टी लावा, सरावाला चालतात.

महिनाभरानं ई-मेल येईल. पोरांचं आयुष्य बदललं, असं त्यात लिहिलेलं असेल. ते खरं असतं, हे मी चेष्टेनं म्हणत नाही. एका मुलीनं नर्सिंगला जायचं ठरवलेलं असतं, गिटारवाल्यानं तिकडे कुठूनतरी टाळ मिळवलेले असतात. लातूरचं काय बदललं ते विचारलेलं नसतं. शेवटी एक ओळ असते की पुढच्या वर्षी चाळीस जण येऊ इच्छितात. हा ई-मेल अध्यक्षांना लगेच दाखवू नका. आधी बिछायत केंद्राचा हिशेब मिटवा: गाद्या पंचवीस, चादरी पन्नास, पातेली सहा. एक झारा कमी भरेल. तो आडत्याच्या घरी आहे, ते नाही म्हणतील, त्याचे पैसे भरून टाका.